४.८५ गिगाहर्ट्झवर दिसणारा प्रोसेसर मागे का पडत होता?

२०११ च्या अखेरीस मी स्वतः जोडलेल्या पहिल्या संगणकात इंटेलचा कोअर आय५-२५००के हा प्रोसेसर होता. त्याचा मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ होता. नावात ‘के’ असल्यामुळे त्याचा वेग ठरवणारा गुणक, म्हणजे मल्टिप्लायर, खुला होता, म्हणजे बदलता येत होता, आणि मी तो प्रोसेसर तेवढ्यासाठीच घेतला होता. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, गुणक ४४ केला, व्होल्टेज किंचित वाढवले, धडधडत्या छातीने विंडोज सुरू केले आणि प्रोसेसरचा वेग दाखवणारा सीपीयू-झेड हा प्रोग्रॅम उघडून पाहिला, तर ४४०० ऐवजी तिथे १६०० मेगाहर्ट्झ दिसत होते. बायोसमध्ये परत जाऊन पाहिले, तर गुणक ४४ च होता. असे दोन-तीन हेलपाटे घातल्यावर लक्षात आले की काहीच बिघडलेले नाही. काम नसताना हा प्रोसेसर वीज वाचवण्यासाठी आपला गुणक १६ वर आणतो, आणि मी नेमके त्याला काहीही काम न देता त्याच्याकडे टक लावून बसलो होतो. गेम सुरू करताच आकडा ४३९१ वर गेला. ४४०० का नाही, या प्रश्नाने पुढची संध्याकाळ खाल्ली. त्याचे उत्तर असे निघाले की रेडिओलहरींचा उपद्रव एकाच वारंवारतेवर साठू नये म्हणून मदरबोर्ड आपला मूळ ठोका किंचित हलता ठेवतो. त्यामुळे १०० मेगाहर्ट्झचा ठोका सरासरीने ९९.८ भरतो आणि त्याची ४४ पट ४३९१ होते.

क्लॉकचा दाखवलेला आकडा आणि प्रोसेसरचे प्रत्यक्ष काम या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले. पूर्णपणे कळायला मात्र पुढची दहा वर्षे आणि एएमडी कंपनीचा एक रायझन प्रोसेसर लागला.

प्रोसेसरमधली प्रत्येक क्रिया क्लॉकच्या ठोक्यावर चालते. मदरबोर्डकडून येणारा मूळ ठोका, ज्याला बेस क्लॉक म्हणतात, सेकंदाला दहा कोटी वेळा पडतो आणि प्रोसेसर त्याला गुणकाने वाढवून घेतो, गुणक ४६.५ असेल तर कोअर, म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग, ४.६५ गिगाहर्ट्झवर चालतो. या वेगाला एक ठोका सुमारे २१५ पिकोसेकंदांचा असतो, आणि तेवढ्या अवधीत प्रकाशसुद्धा साडेसहा सेंटिमीटरच्या पुढे जात नाही. एवढ्या वेळात विद्युत्संकेताने ट्रान्झिस्टरांची एक अख्खी साखळी ओलांडून पुढच्या टप्प्यावर हजर व्हायचे असते. दिंडीत टाळांचा ठेका वाढवत नेला तर सर्वांत संथ टाळकऱ्याचा हात जिथे चुकतो तिथेच ठेका मोडतो. प्रोसेसरमध्येही सर्वांत लांबचा मार्ग जिथे वेळेवर पोहोचत नाही, तिथे चुकीचे उत्तर निर्माण होते. व्होल्टेज वाढवले की ट्रान्झिस्टर लवकर उघड-मिट करतात आणि तो मार्ग पुन्हा वेळेत पार पडू लागतो. मात्र त्याची किंमत मोठी आहे, कारण विजेचा खप वारंवारतेच्या सम प्रमाणात वाढत असला तरी व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ४.२ वरून ४.६ गिगाहर्ट्झवर जाण्यासाठी व्होल्टेज १.१ वरून १.३ करावे लागले, तर वेग साडेनऊ टक्क्यांनी वाढतो आणि वीज जवळपास ५३ टक्क्यांनी. ही सगळी वीज अखेरीस उष्णतेच्या रूपानेच बाहेर पडते.

जुन्या काळी हे सगळे सरळसोट होते. १९९८ च्या इंटेल सेलेरॉन ३००ए या प्रोसेसरचा गुणक ४.५ वर पक्का केलेला होता आणि त्याला ६६ मेगाहर्ट्झचा बस क्लॉक, म्हणजे त्या काळचा मूळ ठोका, अपेक्षित होता. मदरबोर्डवर तो १०० केला की ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ४५० चा होई. त्यातले बरेच प्रोसेसर खरोखर तसे चालत, आणि ते स्वस्त असल्यामुळे त्या काळातल्या हौशी मंडळींच्या तोंडी अजूनही त्याचे नाव असते. त्या प्रोसेसरला एकच वेग ठाऊक होता. काम असो वा नसो, खोली थंड असो वा गरम, तो ४५० वरच धावे, नाही तर बंद पडे.

२०२१ मध्ये मी एएमडीचा रायझन ५ ५६००एक्स घेतला, तेव्हा माझ्या डोक्यात ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याची, कल्पना अजून सेलेरॉनच्याच काळातली होती. हा प्रोसेसर नोव्हेंबर २०२० मध्ये आलेला, सहा कोअर आणि बारा थ्रेडचा, म्हणजे कामाचे बारा धागे एका वेळी चालवणारा. खोक्यावर मूळ वेग ३.७ आणि कमाल वेग ४.६ गिगाहर्ट्झ असे लिहिलेले असते. यांतला कुठलाही आकडा त्याचा ‘वेग’ नाही, हे समजून घेण्यात माझे पहिले काही आठवडे गेले. आतला नियंत्रक सेकंदाला शेकडो वेळा स्वतःची स्थिती तपासतो आणि दर वेळी ठरवतो की पुढच्या क्षणी कोणत्या कोअरने कोणत्या वेगाने धावायचे. ठरवताना तो अनेक मर्यादा एकाच वेळी पाहतो. सॉकेटला, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या जागेला, मिळणारी एकूण वीज ७६ वॅटच्या पुढे जाऊ नये, सातत्याने वाहणारा प्रवाह ६० अँपिअरच्या आणि क्षणिक प्रवाह ९० अँपिअरच्या पुढे जाऊ नये, तापमान ९५ अंशांच्या खाली राहावे, सिलिकॉनच्या आयुष्याला झेपेल त्याहून अधिक व्होल्टेज लागू नये, आणि या सगळ्यांतून पार पडले तरी ठरावीक कमाल वारंवारता ओलांडू नये. यांतली जी मर्यादा आधी आडवी येईल, ती त्या क्षणाचा वेग ठरवते. त्यामुळे एकच कोअर कामाला लागलेला असेल तेव्हा माझा प्रोसेसर ४.६५ गिगाहर्ट्झवर जाई, आणि सिनेबेंच आर२३ हा वेग मोजणारा चाचणी-प्रोग्रॅम सहाही कोअरना जुंपे तेव्हा ७६ वॅटची मर्यादा आधी आडवी येऊन तो ४.३ च्या आसपास स्थिरावे. पहिल्या स्थितीत व्होल्टेज १.४ च्या वर दिसे आणि दुसऱ्या स्थितीत त्याहून बरेच कमी. हे पाहून मी घाबरलो होतो, कारण जवळपास रिकामा संगणक जास्त व्होल्टेज घेतो आणि राबणारा कमी, हे उफराटे वाटते. प्रत्यक्षात एका कोअरमधून वाहणारा प्रवाह इतका थोडा असतो की ते व्होल्टेज त्याला सोसते.

येथे निरीक्षणाचाही एक घोळ आहे. २०१९ मध्ये रायझन ३००० ही मालिका आल्यावर अनेकांना रिकाम्या संगणकातही वेग आणि व्होल्टेज सतत चढलेले दिसत होते. त्याचे एक कारण असे निघाले की माहिती दाखवणारे प्रोग्रॅमच दर काही मिलिसेकंदांनी झोपलेल्या कोअरना उठवून ‘तू किती वेगाने धावतोस’ असे विचारत होते. उठवलेला कोअर साहजिकच कमाल वेगाने जागा होई आणि तोच आकडा नोंदला जाई. घरात तान्हे मूल असलेल्यांना ‘झोपलाय का’ हे दार उघडून पाहण्याचे परिणाम वेगळे सांगायला नकोत. तेव्हापासून मी एचडब्ल्यूइन्फो या अशाच प्रोग्रॅमची नोंद दोन सेकंदांनी घेतो आणि एका वेळी असा एकच प्रोग्रॅम चालू ठेवतो.

तर, जुन्या सवयीप्रमाणे मी सर्वांत आधी सहाही कोअरचा वेग ४.६ गिगाहर्ट्झवर आणि व्होल्टेज १.२७५ वर पक्के केले. सिनेबेंचमध्ये सर्व कोअरचा गुणांक सुमारे ११,००० वरून ११,६०० वर गेला आणि मी खूश झालो. गेममध्ये मात्र काहीच सुधारले नाही. उलट ज्या जुन्या गेमचा सगळा भार एका-दोन थ्रेडवर पडतो, तिथे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांपैकी, म्हणजे फ्रेमपैकी, दोन-चार कमीच झाल्या. कारण उघड होते. वेग पक्का करताच नियंत्रकाचा सगळा विचार बंद होतो, आणि जो कोअर एकटा असताना स्वतःहून ४.६५ वर जाणार होता तोही आता ४.६ वर बांधला गेला होता. बहुतेक गेममध्ये एक मुख्य थ्रेड सर्वाधिक राबतो आणि बाकीचे त्याच्या मागे चालतात. सहाही कोअर एकदम पूर्ण भरण्याची वेळ गेममध्ये क्वचितच येते. व्हिडिओ रेंडर करणाऱ्याला पक्का वेग फायद्याचा ठरू शकतो. मला तो गेमसाठी हवा होता, म्हणजे मी चुकीच्या ठिकाणी वेग विकत घेतला होता.

दुसरा मार्ग पीबीओचा, म्हणजे प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्हचा. यात वेग आपण ठरवत नाही, मर्यादा सैल करतो. वीज आणि प्रवाह यांच्या मर्यादा वाढवता येतात आणि कमाल वारंवारतेत २०० मेगाहर्ट्झपर्यंत भर घालता येते. (यामुळे झालेले नुकसान एएमडीच्या वॉरंटीत येत नाही, हे आधीच वाचून ठेवावे.) त्याच्या जोडीला कर्व्ह ऑप्टिमायझर येतो. प्रत्येक कोअरसाठी कोणत्या वारंवारतेला किती व्होल्टेज द्यायचे याचा एक आलेख कारखान्यातच ठरवलेला असतो. कर्व्ह ऑप्टिमायझरने तो आलेख खाली किंवा वर सरकवता येतो. उणे ३० ते अधिक ३० असे त्याचे अंक असतात आणि एका अंकाने साधारण तीन ते पाच मिलिव्होल्टचा फरक पडतो. व्होल्टेज कमी केले की उष्णता आणि वीज कमी लागते, त्या वाचलेल्या जागेत नियंत्रक स्वतःहून अधिक वेग भरतो, आणि अशा रीतीने व्होल्टेज कमी करून वेग वाढतो. ऐकायला हे ‘आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन’ असे वाटते, आणि मी तसेच समजलो. वीजमर्यादा वाढवून, सहाही कोअर उणे ३० वर आणि कमाल वारंवारता अधिक २०० वर, अशी नोंद करून मोकळा झालो.

संगणक चालू झाला. एचडब्ल्यूइन्फोमध्ये ४८५० मेगाहर्ट्झ असा आकडा दिसला आणि मी त्याचा फोटोही काढला. मग सिनेबेंचची एका कोअरची चाचणी लावली. मूळ स्थितीत १,५३० च्या आसपास येणारा गुणांक आता, वेगात चार टक्क्यांहून अधिक वाढ दिसत असताना, १,५०० वर आला. तीनदा चाचणी घेतली, तिन्ही वेळा तोच प्रकार. प्रोसेसर आधीपेक्षा जोरात धावत असल्याचे सांगत होता आणि आधीपेक्षा मागे पोहोचत होता.

याला क्लॉक स्ट्रेचिंग म्हणतात. कोअरवर अचानक भार आला की तिथले व्होल्टेज क्षणभर खाली घसरते. जुन्या प्रोसेसरमध्ये अशा वेळी सर्वांत लांबचा मार्ग चुकला असता आणि संगणक बंद पडला असता. आधुनिक रायझनमध्ये ही घसरण ओळखणारी यंत्रणा सिलिकॉनमध्येच बसवलेली असते. व्होल्टेज ठरावीक पातळीखाली जाताना दिसताच ती त्या ठोक्याची लांबी वाढवते, म्हणजे संकेताला पोहोचायला किंचित जास्त वेळ देते, आणि व्होल्टेज सावरले की ठोका पूर्ववत करते. एखाद-दुसऱ्या वेळी हे घडले तर कुणाच्या लक्षातही येत नाही. मी व्होल्टेज इतके कमी केले होते की घसरण हीच नेहमीची स्थिती झाली होती आणि ठोके सतत ताणले जात होते. गुणक मात्र ४८.५ च होता, म्हणून गुणक वाचून आकडा दाखवणारे प्रत्येक साधन ४८५० दाखवत होते. मजूर हजेरीपटावर आठ तास लावतो आणि दर तासाला पंधरा मिनिटे बिडी ओढायला जातो, तसा हा प्रकार होता. मी तिथे हजेरीपट वाचत होतो.

एचडब्ल्यूइन्फोमध्ये याच्या खालीच ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ नावाची दुसरी ओळ असते, आणि तोवर मी ती निरुपयोगी समजत होतो, कारण रिकाम्या संगणकात ती ३०-४० मेगाहर्ट्झ असले हास्यास्पद आकडे दाखवते. ते आकडे खरे असतात. प्रोसेसरमध्ये प्रत्यक्ष पडलेले ठोके मोजणारा गणक असतो. झोपलेल्या वेळेचे ठोके त्यात धरले जात नाहीत, आणि ताणलेला ठोका एकच ठोका म्हणून मोजला जातो. दोन सेकंदांपैकी नव्याण्णव टक्के वेळ कोअर झोपलेला असेल, तर सरासरी ४० मेगाहर्ट्झ येणारच. म्हणून ही ओळ रिकाम्या संगणकात वाचू नये. एका कोअरला पूर्ण भरणारे काम त्या कोअरला बांधून द्यावे आणि मग दोन्ही ओळी शेजारी ठेवून पाहाव्यात. सर्व ठीक असेल तर दोन्हींतला फरक दहा-वीस मेगाहर्ट्झचा राहतो. माझ्याकडे वरची ओळ ४८५० आणि खालची ४५६० होती. जवळपास तीनशे मेगाहर्ट्झ केवळ कागदावर होते.

सहाही कोअर उणे ३० वरून उणे २० वर आणल्यावर हा फरक गेला आणि एका कोअरचा गुणांक १,५९० झाला. माझ्या दृष्टीने विषय संपला होता. मग संगणक आपोआप रिस्टार्ट होऊ लागला.

हे गेम खेळताना कधीच झाले नाही. प्राइम९५ हा प्रोसेसरवर जड भार टाकणारा चाचणी-प्रोग्रॅम तासभर चालवला तरी झाले नाही. ब्राउझरमध्ये एखादे पान वाचत असताना, किंवा चहा करायला उठलो असताना, पडदा काळा होई आणि मदरबोर्डचा लोगो येई. पहिल्या दोन वेळा मी दोष विजेच्या माथी मारला. मी नागपूरला राहतो, उन्हाळा सुरू होत होता, आणि दिवे मिणमिणणे ही त्या दिवसांतली नेहमीची गोष्ट. तिसऱ्या वेळी मात्र पंखा त्याच लयीत फिरत होता, म्हणून विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे घडामोडींची नोंदवही, उघडला. त्यात कर्नल-पॉवर ४१ ही नोंद होती. ती फक्त एवढेच सांगते की संगणक नीट बंद न होता थांबला, आणि वायर ओढली तरी तीच नोंद पडते. कामाची नोंद तिच्या शेजारी होती. व्हिया-लॉगर (हार्डवेअरचे दोष टिपणारा भाग), क्रमांक १८, कॅशे हायरार्की एरर, आणि त्याखाली प्रोसेसरचा एपिक आयडी. या आयडीवरून दोष कोणत्या कोअरवर घडला ते शोधता येते. आतापर्यंतच्या तिन्ही नोंदी एकाच कोअरच्या निघाल्या.

आणि तो कोअर माझ्या प्रोसेसरमधला सर्वोत्तम कोअर होता. एएमडीच्या रायझन मास्टर या प्रोग्रॅममध्ये त्याच्यावर चांदणी दिसते. एकाच साच्यातले असले तरी सहा कोअर सारखे नसतात. कारखान्यात प्रत्येकाची चाचणी होऊन क्रम लागतो आणि तो विंडोजला कळवला जातो. हलके, एका थ्रेडचे काम आले की विंडोज ते आधी चांदणीवाल्या कोअरकडे देते. म्हणजे कमाल वारंवारतेवर जाण्याची पाळी सर्वांत जास्त वेळा त्याच्यावरच येते. दुसरीकडे, तो चांगला आहे हे कारखान्यालाच ठाऊक असल्यामुळे त्याच्या आलेखात व्होल्टेज आधीच कमी धरलेले असते, म्हणून आणखी कमी करायला त्याच्याकडे इतरांपेक्षा कमी जागा उरते. प्राइम९५ सर्व कोअर भरते तेव्हा वीजमर्यादेमुळे सगळे ४.५ च्या खाली येतात, आणि त्या वेगाला उणे २० पुरते. ब्राउझरचे पान उघडताना मात्र तोच कोअर निमिषभर ४.८५ वर उसळतो, आणि तिथे ते पुरत नाही. वर-वर आरामात असलेला संगणक त्या अर्थाने सर्वांत कठीण परीक्षेत असतो, हे मला तोवर कुठल्याही तासभराच्या चाचणीने शिकवले नव्हते.

यानंतरचे काम कंटाळवाणे होते. कोअरसायकलर नावाची एक स्क्रिप्ट मिळते. ती प्राइम९५ एका वेळी एकाच कोअरवर चालवते आणि पाळीपाळीने सगळे कोअर फिरवते, त्यामुळे प्रत्येकाला आपल्या कमाल वेगावर राबावे लागते. आठवडाभर रात्री ती लावून झोपलो आणि सकाळी कोणता कोअर चुकला ते पाहून त्याचा अंक दोनने वर आणत गेलो, आणि जो चुकला नाही त्याचा खाली नेत गेलो. चांदणीवाला उणे ६ वर थांबला, त्याच्या खालचा उणे १२ वर, आणि ज्या कोअरना कारखान्याने शेवटचे क्रमांक दिले होते ते उणे २६ आणि उणे २८ पर्यंत निमूटपणे गेले. कमाल वारंवारतेतली भर मी २०० वरून १५० वर आणली, कारण शेवटचे ५० मेगाहर्ट्झ टिकवायला चांदणीवाल्याला उणे अंक जवळजवळ सोडूनच द्यावा लागत होता.

एवढे झाल्यावर मे महिना आला. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, आणि आमच्याकडे ‘कूलर’ म्हटले की प्रोसेसरवरचा कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. वाळ्याच्या पडद्यांचा, खिडकीत घरघरणारा येतो. तो चालू असतानाही दुपारी खोलीत ३३-३४ अंश असतात. हवेने थंड होणाऱ्या प्रोसेसरचे तापमान, बाकी सगळे तेच ठेवले तर, खोलीच्या तापमानाबरोबर जवळपास अंशाला अंश वाढते. जानेवारीत गेममध्ये ६२ अंशांवर असणारा माझा प्रोसेसर मेमध्ये ७६ वर होता. शिवाय या प्रोसेसरचे सगळे कोअर सुमारे ८१ चौरस मिलिमीटरच्या एका चिपमध्ये दाटलेले आहेत, त्यामुळे कूलर कितीही मोठा लावला तरी एवढ्याशा जागेतून उष्णता बाहेर काढण्यालाच मर्यादा पडते. ९५ अंश ही शेवटची रेषा झाली. रायझन तिच्या बराच आधीपासून २५-२५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी खाली उतरत जातो. आधी ४.८ दाखवणारा कोअर मेमध्ये ४.७२५ वर आला, आणि या वेळी इफेक्टिव्ह क्लॉकची ओळही तिथेच होती. म्हणजे हे ताणलेले ठोके नव्हते, नियंत्रकाने उघडपणे घेतलेला निर्णय होता.

त्यावर मी काहीही केले नाही. फक्त एप्रिल ते जूनसाठी बायोसमध्ये दुसरी नोंद करून ठेवली आहे, ज्यात सॉकेटची वीजमर्यादा पुन्हा ७६ वॅट केली आहे आणि कोअरचे अंक तसेच ठेवले आहेत. पंख्याचा आवाज कमी झाला, आणि गेममध्ये, जिथे बहुतेक वेळ माझे ग्राफिक्स कार्डच मागे पडलेले असते, फरक मोजूनही सापडला नाही. पहिला पाऊस पडला की हिवाळ्याची नोंद परत लावतो. चांदणीवाल्या कोअरचा अंक मात्र आता उणे ४ आहे; गेल्या दिवाळीत त्याने एकदा, फराळाचे ताट घेऊन मी पडद्यासमोर बसलेला असताना, पुन्हा क्रमांक १८ ची नोंद टाकली.